अक्काच्या वाटणीचं बोंड

मुडबीहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून अक्काच्या शेजारच्या गुरम्माबाई म्हणाल्या, "बाई, निघून या. लगेच या." मी विचारलं, "कधी गेले?" आमच्या सगळ्यांची तयारीच तशी होती. अक्काचा नवरा, म्हणजे माझे दाजी, गावाचे अण्णा, कित्येक वर्षं लकव्यानं बाजेला खिळलेले. मुडबीहून अवेळी फोन आला की तो त्यांचाच असणार, हे मी मनाशी धरून चालले होते. गुरम्माबाई म्हणाल्या, "अण्णा न्हाई हो बाई... अक्का." वाफ्याला पाणी लावायला गेली ती तिथंच पडली. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. रडू नंतर बसमध्ये आलं. आयुष्यभर सगळ्यांचं वेळच्या वेळी करणाऱ्या बाईनं जाताना तरी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं होतं, असलं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं.

अक्का माझी थोरली बहीण. मी कलबुर्गीत मास्तरीण झाले, निवृत्त झाले, पेन्शन खातेय. ती मुडबीत दिली गेली आणि मातीतच राहिली. मूलबाळ झालं नाही. दाजी मात्र मोठा हौशी माणूस. रेडिओ खांद्याला अडकवून शेतात जायचे. कन्नड तत्त्वपदं, मराठी भजनं, हिंदी सिनेमाची जुनी गाणी, त्यांना भाषेचं वावडं नव्हतं. अक्काला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भजनाला बसली की तिला जांभया यायच्या. दाजी चिडवायचे, "तुझ्या अक्काला ढोल आन् डबा सारखाच." ती म्हणायची, "व्हय, डब्यात भाकरी तर असती." ह्या दोघांचा संसार असा एकमेकांना टोचत टोचत बरा चालला होता.

मग दाजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात आणि एक शब्द, 'हां'. होकारालाही हां, नकारालाही हां. कुठला कोणता ते अक्कालाच कळायचं. ती गाणगापूरला नवस बोलली होती, म्हणून एका पुनवेला जीप करून त्यांना घेऊन गेली. मीही सोबत होते. दर्शन झालं, आणि बाहेर माळा, अंगारे, तसबिरी विकणाऱ्या एका दुकानात काचेखाली ते गाण्याचं यंत्र दिसलं. काडेपेटीएवढं, पडदा नाही, चार बटणं, आणि लांब वायरीचा इअरफोन. दाजींनी त्याच्याकडं बघून 'हां' केलं आणि बघतच राहिले. अक्का दुकानदाराला म्हणाली, "मालक, हे काय आंगाऱ्यानं बरं व्हायचं काम न्हाई. ह्येच द्या." दुकानदारानं तिथंच गाणी भरून दिली.

इअरफोनच्या दोन्ही टोकांना अक्का बोंडं म्हणायची, कापसासारखी. एक दाजींच्या डाव्या कानात, दुसरं छातीवर लोंबत. आणि त्यातून त्या दोघांची एक रीत बसली, ती मी दुसरीकडं कुठंच पाहिलेली नाही. सकाळची कामं उरकली की अक्का पहिलं गाणं लावून शेताकडं निघायची. गाणी ठरलेल्या क्रमानं लागायची, कधी चुकायची नाहीत. दत्ताची पदं होईपर्यंत ती म्हशीचं बघायची, तत्त्वपदं चालू असताना भाजीच्या वाफ्यांना पाणी, सिनेमाची गाणी लागली की परतीची वाट. सगळ्यात शेवटी यंत्रासोबत कंपनीनंच घातलेली एक धून होती. शब्द नाहीत, ना शेंडा ना बुडखा, नुसतं टुंग-टुंग. ती कशी पुसायची हे कुणाला माहीत नव्हतं म्हणून राहिली. ती धून लागली की दाजी डाव्या हातानं दुसरं बोंड उचलायचे आणि दाराकडं धरायचे. आणि अक्का दारात असायची. ओले हात पदराला पुसत बाजेच्या काठावर बसायची, बोंड कानात घालायची, धून संपेपर्यंत मान हलवायची. मग भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवायची. घड्याळ भिंतीवर होतं, पण दाजींच्या नजरेच्या मागं. त्यांचं घड्याळ कानात होतं.

एकदा ते यंत्र अडखळायला लागलं म्हणून अक्का बसवकल्याणला इस्माईलभाईंच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेली. इस्माईलभाई सज्जन माणूस. त्यांनी सगळं साफ केलं आणि तीच गाणी परत भरली. दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीसारखी निघाली, आणि दत्ताचं एक पद होतं न होतं तोच टुंग-टुंग सुरू झालं. दाजींनी बोंड उचललं, दाराकडं धरलं. दारात कुणी नाही. धून संपली, भलतंच गाणं लागलं. ही आली नाही म्हणजे हिचं काहीतरी झालं, असं त्यांनी धरलं असणार. उठायला गेले आणि बाजेवरून खाली आले. अक्का घरी आली तेव्हा कपाळ फुटलेलं, आणि बोंड तसंच मुठीत. ती तशीच पुन्हा बसवकल्याणला गेली. इस्माईलभाई म्हणाले, "अक्का, गाने वहीच हैं, फिकर नक्को करो." अक्का म्हणाली, "गाणी मरू द्या हो भाई. पहिल्यागत पाठोपाठ लावून द्या." आणि ज्या बाईला गाण्यातलं काही कळत नव्हतं तिनं काउंटरला टेकून, कशामागून काय लागतं ते एकेक करत सगळं सांगितलं. चाल धरता येईना, म्हणून म्हणाली, "ह्याच्या वख्ताला मी म्हशीला पाणी दाखवते, ते." हे सगळं तिनंच मला फोनवर सांगितलं. हसत सांगितलं, पण आवाज पार दमलेला होता.

त्यानंतर दिवाळीला मी गेले, तेव्हा दाजींना गाणी लावून द्यायला म्हणून एक बोंड उचललं. अक्का चुलीपासून धावत आली. "ते न्हाई. लाल दोऱ्याचं." त्यांच्या बोंडाला तिनं लाल दोरा गुंडाळला होता. मी म्हटलं, "कोणतं का असंना, कामून एवढं?" ती म्हणाली, "त्यांना हेच द्यायचं. ते दुसरं माझ्या वाटणीचं हाय." मला वाटलं, म्हातारपणी लाड चाललेत. दुपारी ती त्यांच्याजवळ बसून मान हलवत होती तेव्हा मी चेष्टेनं विचारलं, "काय गं, त्या टुंग-टुंगमध्ये एवढं काय ऐकायलीस?" अक्का म्हणाली, "मला कुठं ऐकू येतंय... मी त्यांच्याकडं बघायलेय." मी म्हटलं, एकदा कलबुर्गीला ये, कानाच्या डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, "येते की. ह्यांना कोण बघंल?" तो विषय तिथंच राहिला.

ती गेली त्या दिवशी गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून लागली होती. दाजींनी डाव्या हातानं उशाचा तांब्या उचलून भिंतीवर आपटायला सुरुवात केली. आवाज ऐकून गुरम्माबाई आल्या, त्यांचा चेहरा बघितला आणि शेताकडं पळाल्या. अक्का गेल्याचं सगळ्यांत आधी कळलं ते जागचं न हलणाऱ्या ह्या माणसाला.

दिवस झाल्यावर दाजींना मी कलबुर्गीला आणलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते खोटं नाही. कूस बदलणं, पुसणं, कपडे... माझी कंबर रात्री अंथरुणाला लागत नाही. अक्कानं हे एकटीनं कसं केलं, आणि मी फोनवर नुसतं 'काळजी घे' म्हणत कशी राहिले, याचा विचार करायचीही ताकद उरत नाही. पण खरा घोर वेगळाच होता. दाजी जेवेनात. गाणी लावली की शांत पडून राहायचे, शेवटची धून लागली की बोंड दाराकडं धरायचे. मी ताट घेऊन दारातून आत आले की माझ्याकडं बघायचे, माझ्या मागं बघायचे, आणि हात खाली घ्यायचे. मग ओठ घट्ट. गाणी लावलीच नाहीत तर दिवसभर भिंतीवर हात आपटायचे. संध्याकाळी कसेबसे चार घास जायचे. बरगड्या मोजता याव्यात इतके वाळले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. माझी सून बिचारी म्हणाली, "आई, ती शेवटची धूनच पुसून आणू का? म्हणजे वाट बघणार नाहीत." मीही थकलेच होते. उद्या घेऊन जा, म्हटलं.

त्या दुपारी धून लागली. दाजींनी बोंड उचलून धरलं. मी ताट खाली ठेवलं. हात ओले होते, ते पदराला पुसले आणि बाजेच्या काठावर टेकले... ठरवून नाही, पाय दुखत होते म्हणून. त्यांनी हात माझ्याकडं वळवला. अक्काच्या वाटणीचं ते, मला घ्यायचं नव्हतं. पण ते हात खाली घेईनात, म्हणून घेतलं आणि कानात घातलं.

काही ऐकू येईना. बोंड दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली. दाजींच्या कानात धून चालू होती, त्यांचं बोट चादरीवर ताल धरत होतं. माझ्या कानात नुसता शुकशुकाट. बोंड बंद होतं. कधीपासून, कोण जाणे... लाल दोरा कशासाठी होता ते तेव्हा कळलं. अक्काचे कान चांगले होते.

दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. ऐकू येतंय ना, असं विचारल्यासारखे. मी मान हलवली. ते 'हां' म्हणाले, आणि मी घास पुढं केला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

धून पुसायला नेली नाही. सुनेनं हौसेनं नवा इअरफोन आणलाय, दोन्ही बाजूंनी वाजणारा. तो कपाटात पडून आहे. दुपारी मी ताट घेऊन येते, हात पदराला पुसते, बाजेच्या काठावर बसते आणि अक्काचं बोंड कानात घालते. ऐकू काही येत नाही. मी दाजींकडं बघत बसते.