खाडी ओलांडणे, सकाळी सात

फिलिप साळवे या माणसाचं मला तोंडसुद्धा बघवत नाही, आणि तरी गेली नऊ वर्षं मी त्याच्या मागं डोंगर चढतेय. भिंगारला लष्कराच्या भांडारात तो छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होता. निवृत्त झाला, पण भांडार काही डोक्यातून गेलं नाही. आमच्या आठ जणांच्या ट्रेकचा म्होरक्या तोच. निघायच्या आधी प्रत्येकाची सॅक काट्याला लावतो, नऊ किलोच्या वर काही चालत नाही. रतनगडाच्या वेळी माझ्या सॅकमधून लिंबाच्या लोणच्याची बाटली सगळ्यांदेखत बाहेर काढली आणि म्हणाला, "सविताबाई, आपण गडावर चाललोय, माहेरी नाही." शाळेत पोरं मला टरकून असतात, आणि हा मला असं बोलतो!

यंदा त्यानं समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानातली चार दिवसांची पायपीट ठरवली. जंगल, खाडी, मुक्काम तंबूत. मी समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, पोरं मोजता मोजता. मला जायचंच होतं. रविवारी त्यांचं चर्च सुटल्यावर आम्ही त्याच्या ओट्यावर जमलो. त्यानं तक्ता वाटला. माझ्या नावावर लाल रेघ, पुढं शेरा : 'नादुरुस्त'. भांडारात मोडक्या खुर्चीवर मारतात तो शेरा!

"रतनगडावर तुमचा गुडघा सुजला, दोन तास खोळंबलो," तो म्हणाला. "खाडी कुणासाठी थांबत नसते."

बाकीचे आपापल्या तक्त्यात डोकं घालून बसले. त्याची बायको रेबेकाताई तेवढी खाली मान घालून कप उचलून आत गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. याची चूक काढायचीच, म्हणून तक्ता घरी आणला आणि ओळ न् ओळ वाचली. दशम्या किती, मीठ किती, सगळं चोख. मेल्याचं अक्षरही सुंदर.

माझी नणंद पुष्पावती अलिबागकडं दिलेली. तिला फोनवर तक्ता वाचून दाखवला. पहिला दिवस, खाडी ओलांडणे, सकाळी सात. चौथा दिवस, परत येताना खाडी ओलांडणे, सकाळी सात. ती हसायलाच लागली.

"वहिनी, समुद्राला काय नळ समजलात? पहिल्या दिवशी सातला ओहोटी खरी, पण ती रोज पन्नास मिनिटं पुढं सरकते. चौथ्या दिवशी सातला छातीएवढं पाणी असेल, आणि ओढ समुद्राकडं."

खरं सांगते, तो आकडा मलाही खटकला नव्हता. आमच्या गल्लीत नळाला सातला पाणी येतं. पाणी म्हणजे ठरल्या वेळेचं, यातच जन्म गेला. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बोलायचंच नाही असं ठरवलं. होऊ दे फजिती. दोन दिवस गप्प बसलेही. मग आठवलं, रांगेत सगळ्यात मागं रेबेकाताई चालते. तिला पोहता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ओट्यासमोर उभी राहिले. "साळवेसाहेब, बायकोला बुडवायचं ठरवलंय का?" शेजारपाजार ऐकेल इतक्या मोठ्यानं विचारलं आणि सगळं सांगितलं. त्यानं पुष्पावतीचा नंबर घेतला, तिच्याशी बोलला, आणि आत जाऊन दार लावलं. बसा नाही की आभार नाहीत.

संध्याकाळी नवा तक्ता माझ्या दाराखालून सरकवलेला. चौथा दिवस, खाडी : साडेनऊ. माझ्या नावावरची रेघ गेली होती. पुढं लिहिलं होतं, 'प्रमुख. गुडघ्याला पट्टा बांधणे.' आणि सगळ्यात वर फिलिप साळवे या नावावर लाल रेघ. शेरा : 'नादुरुस्त'.

तशीच तरातरा गेले. "हे काय नाटक?"

"चुकीची नोंद करणाऱ्याकडं भांडाराची किल्ली ठेवत नाहीत," तो दारातूनच म्हणाला. "आणि लोणचं न्यायचं नाही."

असा संताप आला! त्या खाडीकाठी साडेनऊ वाजेपर्यंत त्याला माझ्या हुकमानं बसवायचं होतं मला. मेल्यानं तेवढंही मिळू दिलं नाही. चार दिवस आता भांडू कुणाशी?

सॅक भरून ठेवलीय, लोणच्यासकट. काट्याला लावायला उद्या त्याच्याच दारात जावं लागणार.