ज्याचं दावं त्याचं जहाज

मी समुद्र पाहिलेला नाही. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते कारंजा धरणाचं, तेही भर उन्हाळ्यात, निम्मं आटलेलं. अशा बाईला सरकारी जहाजखरेदीतले कायद्याचे शब्द मराठीत लिहायचं काम आलंय हे कळल्यावर आमच्या खटकचिंचोळीत जो तो हसला. मीही हसले. पण ते काम मला हवं होतं, फार हवं होतं.

झालं असं, की आमच्या राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या एका सरकारी खात्याला गाळ काढणारं एक मोठं जहाज आणि काही गस्तीच्या नौका घ्यायच्या होत्या. असले करारनामे इंग्रजीत असतात आणि त्यांच्याशी झुंजायचं असतं खात्यातल्या कारकुनांना. म्हणून त्यांना एक शब्दसंग्रह हवा होता. मूळ शब्द, त्याला मराठी शब्द, आणि पुढे दोन ओळींत सोपा अर्थ. काम घरी बसून करायचं. आधी नमुन्याचे ऐंशी शब्द द्यायचे, पसंत पडले तर पुस्तक आपलं. तपासायला एक निवृत्त विधी अधिकारी बाई होत्या. त्यांना मी फक्त फोनवर ऐकलेलं. पहिल्याच बोलण्यात त्यांनी विचारलं, "तुमची शाळा कन्नडमध्ये झाली आहे. कायद्याची मराठी झेपेल ना तुम्हाला?"

मला राग आला. मला तो लवकर येतो. शाळा कन्नडमध्ये, वकिलीची पदवी कलबुर्गीची, घरात मराठी, आणि वडिलांच्या पेटीत उर्दू कागद. इतक्या भाषांत वाढलेल्या माणसाला एकही धड येत नसणार असं लोकांना का वाटतं, देव जाणे. "झेपेल," एवढंच म्हटलं आणि दातओठ खात कामाला बसले. हे काम गेलं असतं तर मला पुण्याला एका ऑफिसात नोकरीला जावं लागणार होतं. तिथून बोलावणं आलेलं होतं. आणि इथं अप्पा एकटे पडले असते, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन.

अप्पा म्हणजे माझे वडील. भालकीच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांचं टेबल असायचं. अर्ज, खरेदीखत, वाटणीपत्र, जे लागेल ते लिहून द्यायचे. लिहिलेला कागद पक्षकाराला वाचून दाखवायचा ही रीत सगळ्यांचीच. अप्पा त्याच्या एक पाऊल पुढे जायचे. वाचून झालं की म्हणायचे, "आता तू सांग, काय लिवलंय." समोरच्यानं ते आपल्या बोलीत परत सांगायचं. तो जिथं अडखळेल तिथं अप्पा कोरा कागद पुढे ओढायचे. शेजारचे लिहिणारे दिवसभरात दहा कागद उरकायचे, अप्पांचे चार व्हायचे. मी शाळेतून तिथं जाऊन बसायचे तेव्हा मला त्यांची लाज वाटायची, हे आज कबूल करते.

ऐंशी शब्द मी पंधरा दिवसांत केले. हमी, जोखीम, मालकी, दंड हे तर जमिनीच्या कागदांतून घरचेच होते. जहाजाचा कणा बसवला की पहिला हप्ता, जहाज पाण्यात सोडलं की दुसरा, हे वाचताना मजा वाटली. खरी कसरत होती चाचणीची. सरकार जहाज घेण्याआधी ते समुद्रात चालवून पाहिलं जातं, मग स्वीकृतीचा दाखला मिळतो. हे वाचल्याबरोबर मला आमचा बैलबाजार आठवला. आमच्याकडे ओळखीतल्याचा बैल घेताना तो आधी घरी आणतात, आठ दिवस वखराला, गाडीला जुंपून पाहतात, मग सौदा पक्का. चला, हे तर आपलंच, असं म्हणत मी झरझर लिहिलं: 'स्वीकृती चाचणी. खरेदीदाराने जहाज ताब्यात घेऊन, ठरलेल्या मुदतीत चालवून पाहणे.' वाक्य सुटसुटीत झालं म्हणून स्वतःवरच खूष झाले आणि दुपारीच सगळं पाठवून दिलं.

संध्याकाळी जेवताना अप्पांनी विचारलं, "कुणाला वाचून दाखवलीस?"

"जहाजाचं कुणाला दाखवू अप्पा? इथं कुणाला काय कळायलंय त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ओट्यावर शेजारचे मामा येऊन बसलेले, आणि अप्पा मला म्हणतात, "चहा ठेव, आन् ती तुजी वही आण."

मामांचे वडील मेंढरं राखायचे. मामा आता दोन एकरांत तूर करतात आणि हात रिकामा असला की मजुरीला जातात. त्यांना अक्षर येत नाही. तरुणपणी एका कागदावर त्यांनी न ऐकताच अंगठा उठवला होता आणि बांधालगतची चिंचेची पट्टी गेली होती. तो कागद अप्पांनी लिहिलेला नव्हता. तेव्हापासून मामांनी कुठल्याच कागदाला अंगठा दिला नाही, अगदी रेशनच्या यंत्रावरही त्यांना समजावून समजावून न्यावं लागतं. पण ऐकायला मात्र ते हौसेनं बसतात.

मी नाइलाजानं वाचायला लागले. कण्यापाशी त्यांनी थांबवलं. "जहाजाला बी कणा असतोय व्हय?" असतो म्हटलं. "असंल. एवढं वझं उचलायचं मंजी," म्हणाले आणि बशीतला चहा फुंकला. पुढे चाचणीचा अर्थ वाचला. अप्पा नेहमीसारखं म्हणाले, "आता सांग, काय लिवलंय."

मामा म्हणाले, "सरकारनं जहाज आपल्या ताब्यात आणायचं. मंग पाण्यात घालून बघायचं. बराबर?"

"बरोबर. बैल बघतात तसंच, मामा."

"आन् बघताना बुडालं तर? कुणाचं बुडालं?"

"ताबा सरकारचा, म्हणजे सरकारचं."

"मंग बैलासारखं कामून म्हणायलीस, अक्का?" मामांनी बशी खाली ठेवली. "बैल बघायला आणला तरी त्याच्या गळ्यातलं दावं इकणाऱ्याचंच असतंय. आठ दिसांत बैल मेला तर ज्याचं दावं त्याचा बैल. पसंत पडला की आपलं दावं बांधायचं आन् त्याचं त्याला न्हेऊन द्यायचं. तवा बैल आपला. तू बैल आणलीस, दावं इसरलीस."

मी चिडले. हे कायद्याचं आहे, बाजाराचं नाही, असं काहीतरी बोलले. मग आत जाऊन शब्दांबरोबर आलेला मूळ करारनामा काढला. तिथं स्पष्ट लिहिलं होतं. स्वीकृतीचा दाखला मिळेपर्यंत जहाज बांधणाऱ्याच्या ताब्यात, चाचणीही त्यानंच करून दाखवायची, बुडालं तर त्याचं. मी ते वाचलं होतं. बैल डोळ्यांपुढे आला आणि वाचलेलं मागं पडलं. ही चूक पुण्या-मुंबईच्या माणसाकडून झाली नसती, त्याच्या दारात बैल कुठून येणार?

कागद तर गेला होता. गप्प बसावं का, असाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू? ज्या बाईंनी माझ्या मराठीवर शंका घेतली होती, त्यांनाच फोन करून माझी चूक सांगायची! अप्पा दारात उभे होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण ते हलत नव्हते. मी फोन लावला.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "थांबा." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं.

"ह्याच्यापुढे मी बरोबरची खूण केली आहे," त्या म्हणाल्या. आवाज उतरलेला होता. "काल रात्रीच केली. मला दिसलं नाही. उद्या वाद झाला असता तर समोरच्या वकिलानं आमचाच शब्दसंग्रह आमच्यापुढे धरला असता. तुम्हाला कसं लक्षात आलं?"

माझ्या लक्षात आलं असं म्हणायला जीभ वळवळत होती. पण ओट्यावर मामा गार झालेला चहा संपवत बसले होते. मी त्यांचं सांगितलं, अप्पांची रीत सांगितली. बाई म्हणाल्या, "ते दाव्याचं पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढचं सगळं आधी त्यांना वाचून दाखवा, मग मला पाठवा."

काम मिळालं ते मला असं कळलं. त्या क्षणी मामांचे पाय धरावेसे वाटले. धरले असते तर ते घाबरून उठलेच असते. त्यामुळं मी पुन्हा चहा ठेवला.

पुढचे सहा महिने रोज सकाळी ओट्यावर माझी वही वाचली गेली. मामा कितीदा तरी अडखळले आणि मी कितीदा तरी कोरा कागद ओढला. दोनदा त्यांचंच चुकीचं होतं, तेव्हा आमचं भांडणही झालं. बाईंशीही झालं, पण त्या मला आता झेपेल का विचारत नाहीत. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशनही ह्या कामावरच झालं. पुण्याला मी गेले नाही. माझ्या आयुष्यात एवढं दुसऱ्यांमुळं झालेलं दुसरं काही नाही, आणि ते सांगताना आता मला कमीपणा वाटत नाही.

मागच्या महिन्यात पुस्तक छापून आलं. आत कुणाचंच नाव नाही, माझंही नाही, सरकारी पुस्तकात नसतंच. मी मामांना बोलावलं, चाचणीचं पान काढलं आणि छापलेला अर्थ वाचून दाखवला. 'स्वीकृतीचा दाखला मिळेपर्यंत जहाज बांधणाऱ्याचे.' त्यांनी आपल्या बोलीत परत सांगितलं, एकदाही न अडखळता.

मग ते अप्पांकडे वळले. "मालक, तुमची ती शाईची डबी हाय का अजून?"

अप्पांनी पेटी उघडली. पॅड वाळलेलं होतं, त्यावर त्यांनी पाण्याचे दोन थेंब टाकले. नव्या डोळ्यांनी, जुन्या वळणदार अक्षरात, त्यांनी पानाच्या तळाशी लिहिलं: 'वाचून दाखविले. ऐकून समजले.' मामांनी अंगठा धोतराला पुसला, शाईवर टेकवला आणि त्या ओळीखाली हलकेच दाबून उचलला.