महाडचे राजदूत

'काळजी करू नका' असं राजदूत कधीच कुणाला म्हणत नसत. आमच्या महाडात हे डॉक्टर म्हणतो, वकील म्हणतो, एसटीचा कंडक्टरही म्हणतो. राजदूतांपुढे मात्र आखातात गेलेल्या मुलाची आई डोळ्यांत पाणी आणून बसली, तरी ते म्हणत, "मला माहीत नाही. विचारून सांगतो." मग खरोखरच चार ठिकाणी फोन करीत आणि जे कळेल ते, वाईट असलं तरी, तिच्या घरी स्वतः जाऊन सांगत. माणूस कोरडा आहे, असं सगळे म्हणत आणि अडचण आली की त्यांच्याकडेच जात.

खरं तर ते राजदूत नव्हतेच. परराष्ट्र खात्यात मधल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मूळचे पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतले. पण जिथे घरटी एखादा माणूस आखातात, तिथे वकिलातीत काम केलेल्याला लोक राजदूतच म्हणणार. पत्नी गेल्यावर पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन ते महाडात, मोहल्ल्याच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन राहिले. पुणे सोडून इथे कशाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी इथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. एकदा त्यांना वर्गावर बोलावलं होतं. एका मुलाने तावातावाने विचारलं, "सर, आपला देश कुणाची बाजू का घेत नाही? घाबरतो का?"

राजदूतांनी त्यालाच विचारलं, "तू पोलादपूरच्या नाक्यावर हॉटेल टाकलंस. महाबळेश्वरहून उतरणारा येतो, कशेडी घाट चढून जाणारा येतो. दोघांचं आपसात भांडण लागलं. तू काय करशील?"

"दोघांनाही चहा देईन, सर."

वर्ग हसला. राजदूतही हसले. "बरोबर. फार मोठ्या देशाला गिऱ्हाईक दुखावलं तरी चालतं. फार लहान देशाला कुणी विचारतच नाही. आपण मधले. एकाकडून तेल, दुसऱ्याकडून शस्त्रं, तिसऱ्याकडे आपली माणसं कामाला. चहा सगळ्यांना द्यावा लागतो. पण भांडण हातघाईवर आलं की आपल्या पोरांना हॉटेलातून कधी बाहेर काढायचं, ते ठरवणं अवघड. लवकर काढलं तर गिऱ्हाईक तुटतं." पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत. खडू हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

ते वाक्य मला पुढे महाडजवळच्या सव गावी कळलं. गुडघ्यांसाठी ते तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जात, कधी कधी मी गाडीने सोडत असे. एका सकाळी पाण्यात पाय सोडून बसले असताना ते आपणहून बोलायला लागले.

तरुणपणी ते एका लहानशा अरब देशात वकिलातीत होते. शेजारच्या देशाशी त्याचं बिनसलं होतं, सरहद्दीवर सैन्य जमत होतं. तेल आपण दोघांकडूनही घेत होतो. आपल्या लोकांना 'निघा' म्हणावं, तर तिथल्या सरकारवर आपला विश्वास नाही असा अर्थ निघणार, आणि आपण त्यांनाच हल्लेखोर ठरवलं असं शेजाऱ्यांना वाटणार. तेव्हा इतक्यात काही जाहीर करू नये, असं मत यांनीच वर कळवलं. ते मानलं गेलं. त्याच सुमारास महाडचा एक क्रेनचालक, इब्राहिमभाई, त्यांना भेटायला आला. आपल्याकडचा साहेब म्हणून त्याचा यांच्यावर भारी जीव. "साहेब, तिकीट काढू का?" त्याने विचारलं.

"मी म्हटलं, थांबा. काळजी करू नका. वेळ आली तर आधी तुम्हालाच सांगेन."

युद्ध रातोरात सुरू झालं. विमानं बंद झाली. आपल्या लोकांना बसमधून वाळवंटातून बाहेर काढावं लागलं. त्या रस्त्यात, उन्हाने, इब्राहिमभाई गेला.

"म्हणजे धोरण चुकलं," मी म्हटलं.

"नाही हो. धोरण बरोबर होतं. आपण कुणाशी वाकडं घेतलं नव्हतं, म्हणून तर दोन्ही सैन्यांनी आपल्या बस सोडल्या. बाकी सगळे सुखरूप घरी आले." त्यांनी पाय पाण्याबाहेर काढले. "चुकलं असतं, तर माफी तरी मागता आली असती."

इब्राहिमभाईची विधवा हमीदाभाभी मोहल्ल्यातच राहायची. नवऱ्याचं प्रेत घरापर्यंत पोहोचवणारा साहेब म्हणून ती यांना फार मानायची. ईदला शीरखुर्मा पाठवायची. राजदूत तो संपवायचे, पण ते किती कष्टाने, हे मला त्या दिवसानंतर दिसू लागलं.

मध्यंतरी आखातात पुन्हा क्षेपणास्त्रं उडायला लागली, तेव्हा हमीदाभाभी त्यांच्या दारात आली. तिचा नातू साजिद तिकडे एका बंदरात कामाला होता. मी तिथेच बसले होते.

"साहेब, पोराला बोलावू का? तो बोलतो, सरकारने फक्त सावध राहा सांगितलंय. आता आलो तर नोकरी जाईल."

मी माझं शिकवणं सुरू केलं. "काका, आत्ताच माणसं काढली तर दोन्हीकडे चुकीचा संदेश जाईल."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सरकारने काढू नयेत. भाभी, तुम्ही बोलवा. विमानं चालू आहेत तोवर." आणि मग, तिच्याकडे न बघता, "इब्राहिमभाईंना मीच थांबा म्हटलं होतं."

हमीदाभाभी बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्यांनी फोन केला होता. बोलले, साहेब थांब बोलतात, पण माझं मन लागत नाय, मी येतो. मीच बोलले, आपल्या पोलादपूरचा माणूस सांगतोय तर थांबा. घराचा स्लॅब बाकी होता, साहेब. हे मी पोरांनाबी कधी सांगितलं नाय."

राजदूत उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले. आत भांडं पडल्याचा आवाज आला. ते लवकर बाहेर आले नाहीत.

साजिद आला. नोकरी गेली. आणि तो होता त्या बंदरावर साधा फटाकासुद्धा पडला नाही. त्याच्याबरोबरची पोरं तिथेच राहिली, पगार घेत राहिली. हा महाडात टेम्पो चालवू लागला. आजीने पाठवलेला डबा तो राजदूतांच्या ओट्यावर ठेवायचा आणि एक शब्दही न बोलता निघून जायचा.

राजदूतांच्या शेवटच्या आजारपणात मी म्हटलं, "काका, मी समजावू का त्याला?"

"नको," ते म्हणाले. "रागवायला तो इथे आहे, हे पुष्कळ झालं."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. त्यांना वाडीवर न्यायला साजिदने आपला टेम्पो आणला. मी आणि हमीदाभाभी पुढे त्याच्याशेजारी बसलो. पोलादपूरच्या पुढे रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्यापाशी तो टेम्पो जवळजवळ थांबवायचा, मागे वळून बघायचा आणि मगच चाक पुढे घालायचा.