पिवळी नखं

पोटात दुर्बीण घालून तपासतात, त्या खोलीच्या दाराशी एक सिस्टर बसतात. बाबांना घेऊन तिसऱ्यांदा आले, तरी सिस्टरांचं नाव मला ठाऊक नाही. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध आणि पाणी सोडून काही घ्यायचं नसतं; बाबांचं पोट साफ झालं नाही म्हणून तपासणी दोनदा पुढे गेली, आणि इकडे संडासवाटे रक्त पडणं काही थांबेना.

सिस्टर कोणावर ओरडत नाहीत. "काल काय खाल्लं जी?" एवढंच विचारतात आणि नाडी बघावी तसा पेशंटचा हात हातात घेतात. मागच्या खेपेस माझ्या लक्षात आलं, त्या नखं बघतात. वरणभात खाल्लेल्याची नखं हळदीने पिवळी दिसतात.

"मी तं औषध अन् पाणीच पेलो जी," बाबा म्हणाले.

सिस्टरांनी त्यांची नखं न्याहाळली. स्वच्छ होती. मी श्वास सोडला.

"यायले शुगर आहे नं? काल चक्कर आली का?"

"आली," मी म्हणाले.

"मंग भरवलं कोणं वं?"

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी मूठ मिटली.

"दोनच घास होते जी," बाबा हळूच म्हणाले.