बंद दारापलीकडचं ‘मग?’

आमच्या मजल्यावरचे दशरथ घाडी खुनाच्या गोष्टी लिहितात हे कळलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. खोटं कशाला सांगू? जन्म पार्ल्याचा, पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. त्यामुळे कुठलं लेखन वरचं आणि कुठलं खालचं हे मला न वाचताच कळतं, असा माझा समज होता. मी त्यांच्या तोंडावर ‘वा, छान’ म्हटलं आणि घरात गेले. ‘छान’ हा शब्द शिक्षकांना फार उपयोगी पडतो. वही न उघडताही तो लिहिता येतो.

दशरथ घाडी म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अंधेरीपासून भाईंदरपर्यंतच्या इमारतींमध्ये एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर घाडी कुटुंब दहिसरला नदीकाठच्या चाळीत आलं, आणि त्या चाळीच्या जागी आमचा टॉवर उभा राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टखाली वाकलेला हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिफ्टने स्वतःच्या घरी गेला. तेव्हा आत शिरण्याआधी त्यांनी दार दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि ‘दार हळू लागतंय’ असं बिल्डरच्या माणसाला सुनावलं. आमची ओळख तिथली.

लिहायचे ते जुन्या सर्व्हिस रिपोर्टच्या पॅडच्या पाठकोऱ्या कागदांवर, निळ्या बॉलपेनने. मुलगी श्रुतिका ते फोनवर टाइप करायची. ती माझ्याकडे दहावीपर्यंत शिकायला येत असे, म्हणून ते सगळं घरच मला ‘बाई’ म्हणतं. पहिलं पुस्तक दोन प्रकाशकांकडे पाठवलं. एकाने उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्याने रहस्यकथा आता कोण वाचतं असं विचारलं. मग श्रुतिकाने पुस्तकांच्या एका ॲपवर ते स्वतःच चढवलं. पाठोपाठ दुसरं, आणि गेल्या दिवाळीत तिसरं. त्याचं नाव ‘बटण क्रमांक नऊ’. नऊ मजल्यांच्या सोसायटीत लिफ्टच्या खड्ड्यात सेक्रेटरीचं प्रेत सापडतं, अशी काहीतरी गोष्ट होती. काहीतरी म्हणते, कारण तेव्हा मी वाचलेली नव्हती.

डिसेंबरात एका सकाळी ते दूध घ्यायला खाली चालले होते. मला पाहून थांबले, फोन पुढे केला. म्हणाले, ‘बाई, हे बघा. रिव्ह्यू आलाय. ओळखीचा नाय.’

गंधाली नावाच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं. तीन तारे. ‘खुनी मला निम्म्यातच कळला. मी नर्स आहे. मेलेला माणूस अर्ध्या तासात लाकडासारखा ताठ होत नाही, एवढं लेखकाने कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण वॉचमनची बायको मनातून जात नाही. तिने त्या दिवशी खरं काय पाहिलं ते लेखकाने सांगितलंच नाही. पुढच्या पुस्तकात सांगणार असेल तर मी वाचेन.’

‘पाचातले तीनच?’ मी म्हटलं. आमच्यातली परीक्षक काही केल्या मरत नाही.

‘तीन राहू देत,’ ते म्हणाले. ‘बाई, तिने शेवटपर्यंत वाचलंय. चूक पकडायला वाचायला लागतं.’

मग तिथेच, लिफ्टच्या दाराशी उभं राहून, त्यांनी मला सांगितलं की गोष्टी सुचायला लागल्या कशा. लिफ्टमध्ये माणूस अडकला की जोडीदार वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचा. लिफ्ट हाताने मजल्याला आणायला वेळ लागतो. तोवर दशरथ बंद दाराबाहेर उभे राहायचे. आतला माणूस घाबरून दार बडवू लागतो, जबरदस्तीने उघडायला बघतो, आणि खरा अपघात तेव्हाच होतो. म्हणून ते त्याला गोष्ट सांगायचे. देवाधर्माची सांगून पाहिली, कुणी ऐकेना. एकदा बोरिवलीत एका वकीलबाईंना सहज म्हणाले, ‘मॅडम, याच बिल्डिंगीत एक खून झाला होता.’ आतलं बडवणं थांबलं. थोड्या वेळाने आवाज आला, ‘मग?’

‘ते “मग?” ऐकलं की समजायचं, माणूस शाबूत आहे,’ दशरथ म्हणाले. ‘गोष्ट पडायला लागली की ते “मग?” उशिरा यायचं. तसं झालं की मी लगेच कायतरी बदलायचो. दार बंद, तोंड दिसत नाही, दुसरं कळणार कशावरून?’

आणि एकदा अंधेरीच्या एका ऑफिसात अर्धी गोष्ट सांगून झाली तरी आतून हूं की चूं नाही. दशरथ सांगत राहिले, जोरजोरात सांगत राहिले. दार उघडलं तर साठीचे गृहस्थ खाली कोसळलेले होते, साखर उतरली होती. ते वाचले. पण दशरथ म्हणाले, ‘तेव्हापासून आपण बोलतोय आणि समोरून काहीच नाही, हे मला सोसत नाही, बाई. पहिली दोन पुस्तकं तशीच गेली. लोकांनी घेतली, पण कुणी काय बोलला नाय. मला रोज वाटायचं, आत कुणीतरी पडलंय.’

त्याच आठवड्यात त्यांनी श्रुतिकाला बसवून पुस्तकातलं ताठ प्रेत मऊ करून घेतलं. फोनवरच्या पुस्तकाचं हे एक बरं असतं. आणि चौथं पुस्तक सुरू केलं. ते अख्खं वॉचमनच्या बायकोचं होतं. मधूनमधून सुलक्षणा, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन लटकं रागवायची, ‘बाई, आमच्याकडे हल्ली एक नर्स राहायला आलीय. जेवताना पण तीच. तिला हे पटेल काय, तिला ते पटेल काय.’

आता या सुलक्षणाबद्दल. ही बाई कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, आणि कुणी आपल्या माणसाकडे दुर्लक्ष केलेलं तिला खपत नाही. एकच रिव्ह्यू, तोही तीन ताऱ्यांचा, हे तिच्या मनाला लागलं होतं. श्रुतिकाने तिला एकदा समजावून सांगितलं होतं की ॲपवर ज्याला रिव्ह्यू नाहीत ते पुस्तक तळाला जातं आणि कुणाच्या नजरेसच पडत नाही. त्यातून खुनाची गोष्ट. कविता चार ओळींत कळते. खुनाची गोष्ट शेवटच्या पानापर्यंत खरी ठरत नाही. शेवटी लेखकाने गंडवलं तर वाचणाऱ्याचे दोन दिवस फुकट. मोठ्या नावाच्या लेखकाला लोक ती सूट देतात. दशरथ घाडींना कोण देणार? त्यांच्यासाठी आधी कुणीतरी आत जाऊन परत यायला हवं आणि खुनी न सांगता बाकीच्यांना सांगायला हवं की जा, रस्ता बरा आहे. सुलक्षणाने यातलं एवढंच घेतलं, की रिव्ह्यू पाहिजेत, आणि पुष्कळ पाहिजेत.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे दणक्यात असतं. या वर्षी वाण म्हणून स्टीलची गाळणी, आणि प्रत्येक गाळणीला एक चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर फोनने स्कॅन करायचा तो चौकोन. पुस्तक तीन दिवस फुकट ठेवायला तिने श्रुतिकाला भाग पाडलं होतं. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली, की सुलक्षणा म्हणायची, ‘एवढं पुस्तक घे गं आणि पाच तारे दे. आमचं वायफाय घे, तुझा डेटा कशाला घालवतेस?’

एका संध्याकाळी, एका घरातून, एकेचाळीस जणींनी पाच-पाच तारे दिले. वर लिहिलंही. ‘खूप छान.’ ‘सुलक्षणाताई, गाळणी मस्त.’ ‘गोड गोड बोला.’ बी विंगमधल्या सपनाने लिहिलं, ‘सेक्रेटरी मेला ते बरं झालं, आमच्याकडे पण असाच आहे.’ सगळ्या हसत होत्या. दशरथ आतल्या खोलीत होते, हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकेचाळिसावी मी. मीही चष्मा लावून, शुद्ध मराठीत, ‘ओघवती भाषा आणि उत्कंठावर्धक कथानक’ असं लिहिलं. पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा मी उघडलं नव्हतं.

आठ दिवसांनी ॲपवाल्यांचं पत्र आलं. एकाच ठिकाणाहून संशयास्पद अभिप्राय आल्याने या पुस्तकावरचे सगळे अभिप्राय काढून टाकले आहेत, आणि पुढचे सहा महिने नवे स्वीकारले जाणार नाहीत. श्रुतिकाने ते वाचून दाखवलं तेव्हा सुलक्षणाकडे चहाला म्हणून मी तिथेच बसले होते.

दशरथ एवढंच म्हणाले, ‘तिचा पण गेला?’

श्रुतिकाने मान हलवली. गंधालीचं आडनाव नव्हतं, गाव नव्हतं, पत्ता नव्हता. ॲपवर फक्त नाव होतं, आणि आता तेही नव्हतं.

सुलक्षणा रडायलाच लागली. ‘माझ्यामुळे वाट लागली ना सगळ्याची.’

‘रडू नको गो,’ दशरथ म्हणाले. ‘माझ्या बऱ्यासाठीच केलंस ना?’ त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही, कधीच चढवला नाही. उठले, चौथ्या पुस्तकाचं पॅड रबरबँड लावून माळ्यावर ठेवलं आणि बाजारात गेले. मला त्यांनी आरडाओरडा केलेला चालला असता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. माळ्यावरचं पॅड खाली आलं नाही. दशरथ सोसायटीच्या लिफ्टला तेल घालत, गच्चीवरच्या टाकीचा बॉल बदलत, लोकांची कामं करत. विचारलं की म्हणत, ‘बस झालं, बाई. कुणासाठी लिहायचं?’ एका दुपारी सुलक्षणा माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, ‘बाई, तुम्ही तरी त्यांना सांगा ना. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही वाचलंय. कसं आहे ते?’

‘छान आहे,’ मी म्हटलं.

‘छान म्हणजे काय?’

पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. सुलक्षणा बिचारी पाणी पिऊन गेली, तिच्या काही लक्षात आलं नाही. पण माझे कान गरम झाले होते. तिने केलं ते प्रेमाने केलं, आणि तिने कधी वाचल्याचा आवही आणला नव्हता. मी केलं ते सवयीने. आयुष्यभर मी मुलांच्या निबंधांखाली तो शब्द लिहीत आले. त्यातली किती मुलं दाराआड माझी वाट बघत बसली असतील?

मी त्या दुपारी पुस्तक उघडलं. पहिली वीस पानं लाल पेन घेऊन वाचावीत अशी. संवाद मात्र पहिल्यापासून खणखणीत. खुनी मलाही निम्म्यातच कळला. पण लिफ्टचा खड्डा आला तेव्हा मी पाय वर घेऊन बसले होते, आणि तो खड्डा कुठल्याही सुशिक्षित लेखकाला लिहिता आला नसता; त्यासाठी त्यात उतरलेलं असावं लागतं. आणि ती वॉचमनची बायको. तळमजल्यावर धुणं वाळत घालता घालता ती वर बघते, हातातला कपडा तसाच राहतो, आणि नंतर पोलीस विचारतात तेव्हा म्हणते, ‘मी कपडे मोजत होते.’ पुस्तक संपलं तरी ती तिथेच उभी होती. मला इतका राग आला लेखकाचा. सांगायचं ना पुढे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांची बेल वाजवली. दशरथांनी आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर बंदच होता.

मी म्हटलं, ‘दशरथराव, त्या दिवशी मी न वाचता लिहिलं होतं. काल वाचलं.’

चूक मी केली होती, तेव्हा पुढचंही मलाच बोलायला हवं होतं.

‘माझ्याकडून तीनच तारे. सुरुवात फार रेंगाळते, आणि पोलीस सगळे एकसारखं बोलतात. पण ती बाई कपडे मोजत नव्हती. तिने काय पाहिलं?’

जाळीपलीकडे त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. कडीवर हात ठेवलेला तेवढा दिसला. मला वाटलं कडी काढतील, बसा म्हणतील. त्यांनी कडी काढली नाही. मान वळवून आत हाक मारली, ‘सुलक्षणा, माळ्यावरचा पॅड काढ.’ आणि मग दाराशीच उभे राहून, मला बाहेरच ठेवून, ते हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, त्या दिवशी दोरीवर एक शर्ट जास्त होता.’

‘मग?’ मी म्हटलं.