पिनकाकांनी जोडून दिलेला गेम

पिनकाकांना टीव्ही पुढून बघण्यात काडीचाही रस नव्हता. गिऱ्हाईक येऊन कौतुकाने सांगू लागलं, की आमचा पंचावन्न इंची आहे, भिंतीवर लावलाय, चित्र काय सुंदर येतं, की ते हात वर करून त्याला थांबवत आणि म्हणत, "पुढून सगळेच देखणे असतात. पाठ दाखवा." मग त्या माणसाला घरी फोन करून, बायकोला टीव्हीमागे शिरायला लावून फोटो मागवावा लागे. त्या फोटोत आपल्याला जळमटं दिसत आणि घरातल्या केरसुणीची लाज वाटे. काकांना दिसत फक्त भोकं. कुठल्या भोकात काय जाईल हे ते चष्मा कपाळावर चढवून बघत आणि तिथल्या तिथे निकाल देत.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. ताठ उभं राहिलं तर डोकं जिन्याला लागे, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप नम्र होई. तरुणपणी त्यांनी ठाण्यातल्या गच्च्यांवर अँटेना बसवले, पुढे व्हीसीआर दुरुस्त केले आणि म्हातारपणी त्यांना एक वेगळंच गिऱ्हाईक लाभलं. चाळिशी-पन्नाशीची माणसं माळ्यावरून लहानपणचा व्हिडिओ गेम काढून, फडक्यात गुंडाळून आणू लागली. त्या गेमला पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना आणि नव्या टीव्हीला त्यांची ओळखच नाही. या दोघांचं जमवून देणं हा काकांचा उद्योग, म्हणून ते पिनकाका. खरं नाव मी कधी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं, कारण मनातल्या मनात भांडायलाही समोरच्याचं नाव लागतं.

माझं ऑफिस तिथून चार पावलांवर. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे उगाच डोकवायचे, कारण त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. जुना गेम नव्या टीव्हीला जोडला की बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस जरा उशिरा उडी मारतो आणि खड्ड्यात पडतो. लोक म्हणत, काका, आमचा गेम म्हातारा झाला. काका म्हणत, "गेम म्हातारा नाही, टीव्ही शहाणा झालाय. पूर्वीचा टीव्ही फक्त दाखवायचा. हल्लीचा आधी विचार करतो, मग दाखवतो." मग ते रिमोट मागून घेत, टीव्हीच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोल शिरून त्याचा विचार बंद करत आणि ताणलेलं चित्र पुन्हा चौकोनी करत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले म्हणून कुणी कुरकुर केली, तर त्याला सुनावत, की चित्र जेवढं आहे तेवढंच दिसणार, तुम्ही टीव्ही मोठा घेतलात हा काही त्या चित्राचा दोष नाही.

त्यांच्या सचोटीची तर मी जाहिरात करत फिरायचे. एकदा एक गृहस्थ पक्षी मारायच्या गेमची प्लॅस्टिकची बंदूक घेऊन आले. ती चपट्या टीव्हीवर चालत नाही, तिला जुना काचेचा, जाडजूड टीव्हीच लागतो. गृहस्थ ऐकेनात, बघा तरी, काहीतरी करा, लागेल ते करा. काकांनी बंदूक पुसून त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "नाही होत त्याला नाही म्हणावं. माणसाला एकदाच वाईट वाटतं." हे वाक्य मी माझ्या ऑफिसात, सोसायटीत, कुठे कुठे सांगितलं असेल! नाही म्हणणारा कारागीर ठाणे जिल्ह्यात एकच, असं मी छातीठोक म्हणायचे.

दुसरी त्यांची शिकवण अडॅप्टरची. जुन्या गेमच्या अडॅप्टरची तोंडं सारखी दिसतात, पण कुणाच्या पोटात अधिक असतं, कुणाच्या पोटात उणे. चुकीचा लावला तर क्षणात धूर. म्हणून त्यांच्या खणात प्रत्येक अडॅप्टरला पांढरी पट्टी आणि तिच्यावर बारीक अक्षरात सगळी कुंडली. "बसला म्हणजे जुळला असं नाही," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला बजावत. तेवढ्यात एखादी लग्नाच्या वयाची मुलगी दुकानात असली, तर तिच्याकडे बघून पुन्हा एकदा बजावत.

आता माझ्या गेमचं सांगते. गेम माझा नव्हेच, दादाचा. दादा जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हा त्याची इरा चार वर्षांची होती. वहिनी आणि ती कल्याणला राहतात, मी डोंबिवलीत. दादाचे फोटो आहेत, कपडे वहिनीने देऊन टाकले, घड्याळ बंद पडलंय. पण त्याने स्वतःच्या हाताने केलेली अशी एकच गोष्ट उरली होती आणि ती त्या गेमच्या पोटात होती. शाळेत असताना गेमची आतली वायर तुटली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने नवा घ्या म्हणून सांगितलं. दादाने बाबांची सोल्डरिंग आयर्न घेतली, बोट भाजून घेतलं, सायकलच्या दिव्याची हिरवी वायर कापली आणि ती आत जोडून टाकली. जोड कसला, शिशाचा बोराएवढा गोळा! मी हसले म्हणून त्याने दोन दिवस मला खेळू दिलं नाही. पण गेम चालला, आणि पुढे कितीतरी वर्षं चालला.

इराने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला. वडील आठवत नसलेल्या मुलीला एवढं एकच ठाऊक होतं, की आपल्यासारखंच बाबांनाही सोल्डरिंग यायचं. "यायचं" म्हणणं धाडसाचं होतं, पण मी तसंच सांगितलं होतं. तो गोळा तिला बघायचा होता. आमचं ठरलं होतं, की आधी गेम नव्या टीव्हीवर चालू करायचा, खेळायचं आणि तिला पहिली नोकरी लागली की दोघींनी मिळून उघडायचा. मी गेम पिनकाकांकडे दिला तेव्हा ही सगळी कथा त्यांना सांगितली. गोळा, हिरवी वायर, भाजलेलं बोट, सगळं. त्यांनी गेमवरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाले, "ताई, याला मी आतून हात लावणार नाही. बाहेरून जोडून देतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं वाटलं.

आठवड्याने मी ऑफिसातूनच फोन केला आणि विचारलं, झाला का चालू? पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, हो, झाला. दोन दिवसांनी आणायला गेले. त्यांनी पिवळी-पांढरी पिन एका छोट्या डबीला, डबीची वायर त्यांच्या टीव्हीला लावून दाखवली. दादाची एकुलती एक कॅसेट घातली आणि तो ओळखीचा टुणटुणाट सुरू झाला. स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे थेंब होते. कुणी उघडू नये म्हणून सील केलंय, असं त्यांनी सांगितलं. निघताना म्हणाले, आता उघडू नका, जुनी वस्तू आहे, चालतेय तोवर चालू द्या. मी मान डोलावली. उघडायला अजून अवकाश होता.

आठ महिने आम्ही खेळलो. इरा रविवारी यायची आणि मी तिला सपाटून हरवायचे. याच काळात मी ओळखीतल्या सात जणांना काकांकडे पाठवलं. माझ्या ऑफिसातल्या वैशालीचा नवरा तर आपला गेम चालू झालेला बघून रडला म्हणे.

मग इराला नोकरी लागली. पहिल्या रविवारी ती पेढे आणि स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन आली. उघडण्याआधी एकच डाव खेळू, असं मी म्हटलं. खेळता खेळता माझ्या कोपराचा धक्का लागला आणि कॅसेट उपसून सतरंजीवर पडली. गेम सुरूच राहिला. पडद्यावरचा माणूस तसाच धावत होता, संगीत तसंच वाजत होतं आणि कॅसेट माझ्या पायाशी पडलेली. मी आधी हसले, काकांची करामत म्हणून. इरा हसली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "हा तो नाहीये."

तिने नेलपॉलिश खरवडलं, स्क्रू काढले. आत माझ्या तळव्यात मावेल एवढा नवाकोरा बोर्ड होता, मधोमध काळ्या डांबरासारखा ठिपका असलेला. इरा म्हणाली, यात एकच गेम भरून ठेवलेला असणार, कॅसेटची जागा नुसती शोभेला आहे. दादाचा बोर्ड नव्हता. हिरवी वायर नव्हती. बोर्डाच्या शेजारी दोन लोखंडी नट गोंदाने चिकटवले होते. ते कशाला, हे मला आधी कळेना. मग गेम उचलून पाहिला आणि कळलं. वजन कमी लागू नये म्हणून. ते नट मला सगळ्यात जास्त लागले. चूक कुणाकडूनही होते. पण कुणीतरी शांतपणे बसून, हातात तोलून, एका नटाने भागत नाही म्हणून दुसरा चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी मी उघडा गेम पिशवीत घालून नौपाड्याला गेले. इराला यायचं होतं, मी नको म्हटलं. काका चहा पीत होते. मी गेम टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा खाली घेतला. कप बाजूला सारला. माझ्याकडे न बघता, अडखळत सगळं सांगितलं. टेबलावर त्यांचा रोजचा अडॅप्टर पडलेला होता, पट्टी न वाचता तोच लावला. धूर झाला. जगाला शिकवलं आणि स्वतः चुकलो, कुठल्या तोंडाने सांगणार होतो, असं ते म्हणाले. त्यातच माझा फोन आला.

"तुम्ही विचारलंत, चालू झाला का. माझ्या तोंडून हो गेलं. एकदा हो म्हटल्यावर चालू करून देणं भाग होतं."

"आणि जळलेला बोर्ड?"

"भंगारात दिला. कल्याणला जातो तो माल." मग जरा बळ आणून म्हणाले, "ताई, तो काही केल्या चालला नसता."

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिले, जिन्याखाली मान वाकवून. ज्या माणसाच्या एका शब्दावर मी सात घरं पाठवली, तो माणूस. शेवटी म्हटलं, "काका, मला चालू नको होता. तो हवा होता. जळलेला दिला असतात तरी आम्ही तो जपला असता. गोळा होता ना त्यावर."

ते चमकले. तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना ते कळलं हे मला दिसलं, म्हणून तर मला अजून चीड येते. सगळी कथा ऐकून घेतलेला हा माणूस. पण आयुष्यभर बंद वस्तू चालू करत आलेला. बंद वस्तूही कुणाला हवी असू शकते, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. निघताना मी विचारलं, मी पाठवलेल्या बाकीच्यांचं काय? ते म्हणाले, सगळ्यांचे नाही बदललेले. किती आणि कुणाचे, ते मी विचारलं नाही.

कल्याणला मी आणि इरा दोनदा जाऊन आलो. भंगारवाल्याने सभ्यपणे एक ढीग दाखवला. त्यात हिरव्या वायरी पुष्कळ होत्या. इरा दोन तास उकिडवी बसून एकेक बोर्ड उलटा करून बघत होती. तिला काय शोधायचंय ते माझ्या सांगण्यावरूनच माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तो गोळा नेमका कुठल्या कोपऱ्यात होता, हे मलाही आता आठवेना.

पिनकाकांकडे मी पुन्हा गेले नाही. त्यांनी दोनदा फोन केला, मी घेतला नाही. पुढे दिवाळीत ऑफिसला जाताना दिसलं, की जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन आलंय. मुलगी बडोद्याला असते, तिकडे गेले असं शेजारचा म्हणाला. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

परवाच्या रविवारी वैशालीचा फोन आला. इरा समोरच जेवत होती. वैशालीच्या दिराचाही एक गेम सापडलाय, तो काकांकडे द्यायचाय, दुकान कुठे गेलं त्यांचं? आणि मग तिचं सुरू झालं, की ह्यांचा कसा अजून लख्ख चालतोय, असा देवमाणूस आता मिळायचा नाही, सासऱ्यांनी दिलेला गेम होता गं तो. मी ऐकत होते. घास हातात तसाच होता. सांगायचं मनात आलं, आणि तिचा नवरा रडला होता तेही आठवलं.

"ते बडोद्याला गेले," मी म्हटलं. "नाही तर त्यांच्यासारखं काम कुणाचं नाही."

फोन ठेवला. इराने विचारलं, त्यांना उघडून बघायला नको का सांगायला?

"राहू दे गं," मी म्हणाले. "चालतोय ना त्यांचा."

इराचं जेवण थांबलं. पिनकाकांच्या टेबलापुढे मी जशी उभी राहिले होते, तशीच ती माझ्याकडे बघत राहिली.