काळे पडदे आणि ईश्वरप्पाची सही

लातूरच्या बाजारात जाणता खरेदीदार तुरीचा दाणा आधी दाताखाली धरतो, मग भावाचं बोलतो. ईश्वरप्पा निटुरे वायरमन, पण रीत तीच. त्याच्या पिशवीतला मीटर हा त्याचा दात. तो लावल्याशिवाय ईश्वरप्पा सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसे, आणि मोजलेला आकडा पेन्सिलीने, तारखेसकट, लाईटच्या बोर्डाच्या झाकणाआड लिहून ठेवी.

हे खूळ त्याला एका म्हशीने लावलं होतं. तिशीत असताना, मालकाला घाई आहे म्हणून, औशाकडच्या एका पिठाच्या गिरणीचं अर्थिंग न तपासताच त्याने कागदावर सही ठोकली. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याची म्हैस गिरणीच्या पत्र्याला अंग घासायला गेली आणि जागेवर गतप्राण झाली. लोक म्हणाले, बरं झालं, माणूस नव्हता. ईश्वरप्पाच्या मनातून मात्र ती म्हैस काही हलली नाही. तेव्हापासून न मोजता सही नाही, यापायी त्याने तीन नोकऱ्या सोडल्या. बायको गुरम्मा दर वेळी विचारी, ‘‘एका म्हशीपायी आनखी किती नोकऱ्या सोडनार हाव तुमी?’’

चौथी नोकरी शिखरवेध अकॅडमीत होती. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींच्या परीक्षा घ्यायला तिथे दोनशे कॉम्प्युटरचा हॉल होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पाचवी नोकरी मिळणार नाही, हे ईश्वरप्पाला चांगलं कळत होतं.

अकॅडमीचे मालक शिवप्रसाद सर पुण्याच्या कुठल्याशा संमेलनातून पर्यावरणप्रेमी होऊन परतले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचे दोनशे पडदे काळे झाले, त्यावर पांढरी अक्षरं. डार्क मोड! चाळीस टक्के वीज वाचते म्हणे. इमारतीच्या तोंडावर तीन मजली एलईडी बोर्ड होता, त्यावर सरांचा हात जोडलेला फोटो आणि ‘आम्ही वीज वाचवतो, तुम्ही?’ हा प्रश्न रात्रंदिवस झगमगू लागला. ‘हरित अकॅडमी’चं पदकही ठरलं. फक्त किती वीज वाचली ते भरायच्या एका कागदावर लायसनवाल्या वायरमनची सही हवी होती.

‘‘मामा, एवढी सही करा,’’ सर म्हणाले.

‘‘मोजून करतो की सर.’’

ईश्वरप्पाने मोजलं. पांढरा पडदा बावीस वॅट. काळा पडदा बावीस वॅट. मीटर बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. तोही बावीसच म्हणाला. त्यात हॉलमध्ये लख्ख ट्यूबलाईट, काळ्यावरचं दिसेना, म्हणून पोरांनी पडद्यांचा उजेड वाढवला होता. तिथे आकडा सत्तावीस.

‘‘सर, ह्या पडद्यांच्या पाठीमागं दिवा हाय. तो जळतच ऱ्हातो. कंदिलाच्या काचंला काजळी लावली म्हून रॉकेल कमी लागतं का? तुमच्या भारी फोनाचं येगळं, त्याला पाठीमागं दिवा न्हाई. त्यात वाचंल थोडं.’’

सरांनी फोनकडे पाहिलं, मग ईश्वरप्पाकडे. ‘‘मामा, उद्या पदक द्यायला पाहुणे येणार आहेत. संध्याकाळपर्यंत सही नसली तर सोमवारपासून दुसरा वायरमन बघतो.’’

ईश्वरप्पा कागद घेऊन जिन्याखालच्या खोलीत बसला. गुरम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. सही करून टाकावी, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण डोळ्यांपुढे म्हैस येऊन उभी राहिली, आणि ती रवंथही करीना. मग त्याने बाहेरच्या बोर्डालाही मीटर लावला. परत येऊन सुवाच्य अक्षरात रिकाम्या जागा भरल्या, खाली बाहेरच्या बोर्डाची एक ओळ आपणहून वाढवली, सही केली, वर शिक्का मारला.

सरांनी लांबूनच शिक्का पाहिला आणि सुटकेचा नि:श्वास सोडला. पदक द्यायला पुण्याहून आलेल्या तनुजा मॅडमनीही सही आहे ना, एवढंच बघून आपल्या यादीत बरोबरची खूण केली. टाळ्या झाल्या, पदक झालं. पदक आणि कागद एकाच काचेत जडवून दर्शनी भिंतीवर लागले.

आता पालक म्हणजे तासन्‌तास बाकावर बसणारा माणूस. तो भिंतीवरचं सगळं वाचतो. चार दिवसांनी अर्धापूरचे शेषेराव, नातीच्या प्रवेशाला आलेले, चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले : ‘‘पडदे काळे केल्याने बचत : काही नाही. उजेड वाढवल्याने जादा वीज : दर पडद्याला पाच वॅट. बाहेरचा बोर्ड विझवल्यास बचत : दोनशे पडद्यांहून जास्त.’’ मग सरांच्या केबिनमध्ये डोकावून ते भाबडेपणाने म्हणाले, ‘‘पदक लई भारी हाय सर. मंग बोर्ड कामून चालूय?’’

सरांनी ईश्वरप्पाला बोलावलं. ‘‘मामा, हे मला आधी सांगायचं नाही का?’’

‘‘सांगितलं की सर. लिहूनबी दिलं.’’

सरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. कागद काढावा तर पदकाचा आधार जातो, आणि सही करणाऱ्याला काढावं तर पदक खोटं ठरतं. शेवटी ते हळूच म्हणाले, ‘‘बोर्ड बंद करा. पडदेही पांढरे करून टाका.’’

ईश्वरप्पाने बोर्ड विझवला आणि झाकणाआड तारीख घालून शून्य लिहिलं.

घरी गुरम्माने चहा पुढे ठेवत विचारलं, ‘‘नोकरी ऱ्हायली का?’’

‘‘ऱ्हायली.’’

‘‘आन् म्हस?’’

ईश्वरप्पाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. ‘‘आज पैल्यांदा खाली बसली,’’ तो म्हणाला.